हिरवा पडदा आणि मामासाहेबांचा धबधबा, यांचा वृत्तांत

॥ श्री ॥ जलदेवता राज्यावर नित्य प्रसन्न असोत. नित्य न जमल्यास एक दिवसाआड तरी असोत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, माघमासी राज्यात पाण्याचा डिजिटल कारभार सुरू जाहला, त्यात जलमुतालिक यादोपंत चिंचणीकर यांजवर काय प्रसंग गुजरला आणि ते त्यातून कैसे पार पडले, अथवा न पडले, ती हकीकत येणेप्रमाणे.

राज्य थोर. तळे एक, टेकडी एक, नळ घरोघर, आणि पाणी नळाच्या मर्जीप्रमाणे. श्रीमंत सरकारस्वारी परमुलखी अभ्यासदौऱ्यास गेली होती, तेथे एका नगरीत भिंतीएवढा पडदा पाहिला, त्यावर साऱ्या शहराचे पाणी रंगीत रेघांनी वाहत होते, आणि त्यापुढे उभे राहिले असता फोटो फार उत्तम येतो हेही श्रीमंतांच्या ध्यानी आले. मग स्वारी परतताच आज्ञा जाहली जे, ‘ऐसाच पडदा आपले दरबारी पाहिजे, त्यांच्याहून हातभर मोठा.’ कामगिरी यादोपंतांवर पडली. पंत सज्जन गृहस्थ. सारी नोकरी त्यांनी एकही शत्रू न करता काढिली होती, कारण एकही निर्णय केला नव्हता. त्यांची थोरली बहीण बयाक्का शेवटच्या पेठेत राहात असे, आणि नळही तेथेच संपत असल्याकारणे पाणी तेथवर पोहोचेतो दमून जात असे. अक्का भेटेल तेव्हा विचारी, “यादू, तू पाणीखात्यात आहेस ना रे? मग आमच्या नळाला नुसतीच हवा का येते?” आणि पंत म्हणत, “अक्का, वर कळवलंय.” वर म्हणजे कोठे, हे त्यांसही ठाऊक नव्हते.

मग पंतांनी डेटाशास्त्रात निपुण ऐशी शाल्मली टिपरे नामे बाई बोलाविली आणि बाईंनी जागोजाग पाणी मोजणारे मीटर बसविले, नळांत दाब पाहणारे सेन्सर घातले, पेठोपेठी आपोआप उघडमीट करणारे व्हॉल्व्ह लाविले, आणि यंत्रास ऐसे शिकविले की कोणत्या घरास किती पाणी लागते हे त्याने स्वतःच ताडावे व त्याप्रमाणे वाटावे. जेथे पाणी नीट वापरले जाईल तेथे पडद्यावर हिरवा ठिपका, जेथे गळून जाईल तेथे तांबडा. हाताने व्हॉल्व्ह फिरवायच्या चाव्या होत्या, त्या श्रीमंतांच्या आज्ञेने काढून टाकिल्या, कारण चाव्या दिसल्या म्हणजे कारभार जुनाट दिसतो. पडदा पेटला, श्रीमंतांचे फोटो जाहले, आणि सर्वांस वाटले की काम संपले. परंतु यंत्रास हे कोणी सांगितले नव्हते, सबब ते काम करू लागले. भाजीबाजारानजीक तांबडा ठिपका उमटला, खणून पाहता जुना नळ फुटलेला, आणि त्यातून निघणारे पाणी स्वयंभू झरा समजून लोकांनी तेथे लहानसे देऊळही बांधिले होते. नळ सांधला, झरा अंतर्धान पावला, पुजाऱ्याने आठवडाभर पंतांस शिव्याशाप दिले, आणि शेवटच्या पेठेत पाणी आले. बयाक्काचा फोन आला, “यादू, अरे हंडा भरला! उभ्या उभ्या भरला!” पंतांस इतुका आनंद जाहला की त्यांनी हाताखालच्या लोकांस स्वतः होऊन चहा पाजिला, आणि लोक घाबरले.

तेथेच थांबते तर बरे होते. परंतु भर दरबारात श्रीमंतांनी पडद्यावर बोट ठेवून पुसिले जे, “टेकडीवर हा थोरला तांबडा ठिपका कशाचा?” पंत काही बोलणार इतक्यात शाल्मलीबाई सरळ बोलून गेल्या, “सरकार, तो मामासाहेबांच्या बागेतला धबधबा. अख्ख्या शेवटच्या पेठेला लागतं त्याहून जास्त पाणी त्या एका नळातून जातं.” मामासाहेब म्हणजे श्रीमंतांचे सख्खे मामा, शेजारीच बसले होते. दरबारात ऐशी शांतता पसरली की एसीचे पाणी ठिबकत होते तेही ऐकू आले. मामासाहेब हसले आणि म्हणाले, “यंत्र नवे आहे. त्यास माणसांची ओळख पटावयास वेळ लागेल.” मग चौकशीस समिती नेमिली, समिती टेकडीवर गेली, धबधब्यापाशी गारव्यात जेवली, विडे खाऊन निजली, आणि अहवाल दिला जे, ‘पाणी नळातून गळत नसून धबधब्यातून पडते, सबब यास गळती म्हणता येत नाही.’ श्रीमंतांनी पंतांस एकांती बोलावून सांगितले, “तांबड्या रंगाने आमचे डोळे दुखतात.” पंत समजले.

पंत बाईंकडे गेले आणि म्हणाले, “बाई, तेवढा ठिपका हिरवा करा.” बाई म्हणाल्या, “करता येतो, पंत. पण यंत्र कारण विचारतं. काय घालू?” पंतांनी विचार करून सांगितले, “घरगुती वापर घाला.” बाईंनी खुर्ची मागे सारिली. “मी नाही घालणार. तुम्हाला घालायचं तर घाला. पण ते यंत्र आहे, समिती नव्हे. सांगाल ते खरं मानेल.” पंतांनी इकडेतिकडे पाहिले, ‘घरगुती वापर’ भरून बटण दाबिले, आणि ठिपका हिरवा जाहला. दरबारी पंतांस शाल मिळाली. त्या दिवशी त्यांस जेवण गेले नाही. पत्नीने विचारिता ‘उष्मा फार’ म्हणाले.

यंत्र भोळे. त्याने विचार केला की एका घराच्या घरगुती वापरास जर इतुके पाणी लागते, तर बाकीची रयत आजवर तहानेने व्याकूळ जाहली असली पाहिजे. आणि त्यास दया येऊन त्याने राज्यातील झाडून सारे व्हॉल्व्ह उघडिले. मग काय वर्णावे! नळ धो धो वाहू लागले, टाक्या उतू गेल्या, लोकांनी गाड्या धुतल्या, अंगणे धुतली, धुतलेली अंगणे पुन्हा धुतली, आणि निवडणूक जवळ आली की काय ऐसे एकमेकांस पुसू लागले. पडदा समग्र हिरवागार. श्रीमंत तृप्त. तिकडे खालीच सारे पाणी ओढले गेल्याकारणे टेकडीवर दाब पोहोचेना, धबधबा आधी बारीक जाहला, मग ठिबकला, मग थांबला, आणि मामासाहेब तोंडास साबण लावून उभे असता त्यांच्या न्हाणीघरातला नळही फुस्सकन बोलून गप्प जाहला. बयाक्काचा फोन आला, “यादू, सगळी पांघरुणं धुतली बघ. पण काय रे, उन्हाळाभर पुरेल ना?” पंत गाडी काढून तळ्यावर गेले, तर जेथे पाणी असावे तेथे चिखल भेगाळू लागला होता आणि बगळे मध्यभागी पायी फिरत होते. पाऊस यावयास अजून फार अवकाश होता.

मग मसलत बसली, कारण हाताने व्हॉल्व्ह मिटावे तर चाव्या उरल्या नव्हत्या. दिवाण म्हणाले, “मामासाहेबांच्या बागेस देवस्थान म्हणून नोंदवा, म्हणजे मिटले.” बाई म्हणाल्या, “चालेल. मग यंत्र प्रत्येक देवळाला एकेक धबधबा देईल. राज्यात देवळं किती आहेत?” दिवाणांनी मनात मोजू पाहिले आणि सोडून दिले. मामासाहेब गरजले, “मग उपाय तरी काय?” बाई शांतपणे म्हणाल्या, “दोनच. एक तर सगळी रयत मामासाहेब समजायची, नाहीतर मामासाहेबांना रयत समजायचं. पहिला चालू आहे. तळं बघून या.”

सर्व पंतांकडे पाहू लागले. पंतांस वाटले की आपण ‘वर कळवितो’ म्हणावे, परंतु वर पाहता तेथे श्रीमंतच बसले होते. मग ते उठले, अंगावरची शाल काढून खुर्चीवर ठेविली आणि बोलिले, “सरकार, तो ठिपका तांबडा होता. हिरवा मी केला. ती गळतीच आहे, आणि आज बंद केली नाही तर वैशाखात प्यायला पाणी राहणार नाही.” वाक्य पुरे जाहले, आणि स्वतःचे वाक्य पुरे जाहलेले ऐकून त्यांस सर्वांहून अधिक नवल वाटले. श्रीमंतांनी पुसिले, “खरे सांगितले तर पडदा किती तांबडा होईल?” “एक ठिपका, सरकार.” “आणि तळे आटले तर?” “सगळाच.” मग छायाचित्रकारास बोलावून त्यांनी जाहीर केले जे, ‘मामासाहेबांनी रयतेच्या तहानेपुढे आपला प्राणप्रिय धबधबा स्वखुशीने अर्पण केला आहे.’ आपल्या या औदार्याची वार्ता मामासाहेबांस त्याच क्षणी, इतरांबरोबरच कळली. टाळ्या वाजल्या, हार पडले, आणि हार गळ्यात असताच बाईंनी नोंद दुरुस्त केली. व्हॉल्व्ह एकेक करून बेतावर आले. टेकडीच्या बंगल्यास माणशी मोजून पाणी मिळू लागले आणि धबधब्याच्या दगडांवर माळ्याने कांदे वाळत घातले.

यादोपंतांस बढती देऊन कारंजेखात्याचे मुख्य केले, आणि पाणी वाचवावयाचे म्हणून त्याच हुकुमात राज्यातील सर्व कारंजी बंद केली. पाणीखात्यात पंतांच्या जागी मामासाहेबांचे जावई आले. त्यांस पडद्यातले काही कळत नसे, म्हणून शाल्मलीबाईंचे काम सुरळीत चालले. पंत रिकामे जाहले, तेव्हा एके सकाळी अक्काकडे गेले. नळ ठरल्या वेळेस आला, ठरल्या वेळेस गेला, हंडे भरले. अक्काने पदराला हात पुसत विचारिले, “बदली झाली म्हणे तुझी? कशावर टाकलंय?”

“कारंज्यांवर.”

“चालतात का?”

“नाही, सगळी बंद.”

“मग बरं आहे की,” अक्का म्हणाली, “त्या कामाची तुला सवय आहे.” त्यावर पंत इतके हसले की डोळ्यांस पाणी आले, आणि ते कोणत्याही मीटरात मोजले गेले नाही.

एकूण, तळ्यात पाणी राहिले, श्रीमंतांस दूरदृष्टीची कीर्ती आली, मामासाहेबांच्या त्यागाचा फलक चौकात लागला. ज्यांस पाणी मिळाले त्यांस ही हकीकत ठाऊक नाही, आणि ज्यांस ठाऊक आहे त्यांस ती लिहिण्याची मनाई आहे; सबब खाली लिहिणाराचे नाव नाही.