दामूकाका आणि राखी मानेचा भारीट

पत्ता विचारायला आलेला एक कुरिअरवाला आमच्या गल्लीत चांगली पाच मिनिटं एका पायावर उभा होता. दुसरा पाय पुढे टाकणार तोच शेजारच्या अंगणातून आवाज आला, "हालू नका! पाखरू हाय!" बिचारा हालला नाही. पार्सल डोक्याशी धरून उभाच राहिला.

आवाज आमच्या दामूकाकांचा. पनवेलजवळच्या विचुंब्यातल्या आमच्या रो-हाउसला लागूनच त्यांचं घर. आयुष्यभर उरणच्या मोरा बंदरातल्या लाँचवर तांडेल, म्हणजे लाँच हाकणारे होते. निवृत्त झाल्यावर मुलानं इथं घर घेऊन दिलं आणि स्वतः दुबईला गेला. काका इतरांचे पुतळे करतात, पण स्वतः मिनिटभर एका जागी ठरत नाहीत. अंगणातून ओट्यावर, ओट्यावरून गच्चीवर, की पुन्हा खाली. चहासुद्धा चालता चालता पितात. मी काही स्वस्थ बसणाऱ्यातली नाही, पण त्यांच्याकडे बघून मलाही दम लागतो.

चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्यानंतर काकांनी शेवग्याला करवंटी टांगली, तीत कणी आणि राळं घातलं आणि पक्ष्यांचं एक पुस्तक आणलं. त्या पुस्तकात त्यांना राखी मानेचा भारीट भेटला. थंडीच्या मुलखातून पावसाळा सरल्यावर इकडे उतरतो म्हणे, पण पनवेलमध्ये कुणाला दिसलेला नाही. "मी बगनार!" काकांनी जाहीर केलं. मी चित्र पाहून म्हटलं, "काका, ही तर आपली चिमणी." दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

भारिटाच्या वाटेत शत्रू एकच, कावळा. तो आला की बारकी पाखरं उडतात. म्हणून काका बेचकीतून सुके वाटाणे मारायचे. नेम यथातथाच. एकदा आमच्या आमटीत वाटाणा निघाला, आणि आमटी तुरीची होती. बेचकी हाताशी नसली तर काका टाळ्या पिटायचे, आम्हालाही पिटायला लावायचे. वर्षभरात गल्लीतले कावळे नाहीसे झाले. "कावला मानसाचं तोंड इसरत नाय," काका अभिमानानं सांगायचे.

पंचाईत व्हायची ती पितृपक्षात. आख्खी गल्ली पानं वाढून बसायची आणि शिवायला कावळाच नाही. माझ्या सासूबाई ताट झाकून दुसऱ्या गल्लीत जायच्या. जाताना काकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "मेल्या त्या भारिटापायी आमचे पितर उपाशी!"

काकूंचं पान आजवर उरणला काकांच्या भावाकडे ठेवलं जायचं. यंदा काका म्हणाले, "तिचं घर ह्ये हाय." अधिक महिन्यामुळे पितृपक्ष ऑक्टोबरात आला होता. अविधवा नवमीला, म्हणजे नवऱ्याआधी गेलेल्या बायकांच्या तिथीला, त्यांनी स्वतः रांधलं. अंगणाच्या कुंपणभिंतीवर पान मांडलं. भात, वडे, भोपळ्याची भाजी आणि कडेला चिमूटभर सुकट.

"काका, सुकट चालते?"

"तिला लय आवडं."

मला भरून आलं. म्हणून मी उगाच वड्यांना नावं ठेवली.

दोन वाजले तरी पान तसंच. एक कावळा लांब विजेच्या खांबावर बसून काकांकडे बघत होता. काका अंगणात येरझारा घालत होते, पोटात सकाळपासून अन्न नाही. "ये की गं," ते खांबाकडे बघून म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सूनबाय, रागावली असंल काय?"

"काकू नाही हो, कावळा रागावलाय. तुम्ही दिसताय तोवर तो यायचा नाही. आत चला."

त्यांना ओढतच स्वयंपाकघरात नेलं. दोघं खिडकीच्या पडद्याआड उभे राहिलो. आणि करवंटीवर एक पाखरू उतरलं. तिथून टुणकन पानावर गेलं आणि भात टिपू लागलं. राखी मान, गुलाबी चोच, डोळ्याभोवती पांढरी कडी. चिमणी नव्हती. मी मुकाट्यानं कबूल केलं.

"काका, फोटो!"

त्यांनी गळ्यातला कॅमेरा उचलला. तेवढ्यात खांबावरचा कावळा भिंतीवर येऊन बसला. आता भारीट उडणार! चार वर्षांची सवय, माझे हात आपोआप टाळी वाजवायला वर गेले. काकांनी माझं मनगट घट्ट धरलं.

कावळा एक उडी पुढे आला. भारीट भुर्रकन उडून गेला. कावळ्यानं आधी सुकट उचलली, मग भाताला चोच लावली. काकांच्या हातात कॅमेरा बंदच होता. पाखरू कुठे गेलं हे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"गेला ना तो!" मी चिडून म्हटलं. "एक टाळी वाजवली असती तर कावळा तरी पुढे आला नसता."

"जाऊ दे गं. जेवू दे तिला," काका म्हणाले. "जल्मभर मीच आदी जेवलो."