मुजावर सरांचा आहेर

लग्नाच्या आहेराच्या पाकिटात पेनड्राइव्ह घालणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे मुजावर सर. चिखलीतल्या आमच्या धातूला मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगच्या वर्कशॉपमध्ये ते केमिस्ट आहेत. पेनड्राइव्हमध्ये असतात रसायनशास्त्राची सॉफ्टवेअरं, लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरायच्या फुकट सिस्टिमवर चालणारी. कुठून कुठून शोधून जमवलेली. देताना म्हणतात, "फुकटचं आहे, चोरीचं नाही."

"सर, यात पिक्चर आहे का?" ॲसिडच्या टँकवर काम करणारा दत्ता मुद्दाम विचारतो.

"आहे ना, बेन्झिनचा. सहा कार्बन, सहा हायड्रोजन, फेर धरून नाचतात."

"मोबाईलवर चालंल?"

"नाही. लिनक्स लागतं."

"ते कुठं भेटतं राव?"

"मी देतो की!" सर खुर्ची पुढं ओढतात आणि दत्ताचा डबा तसाच राहतो.

मी नववीत नापास झाल्यावर शाळा सोडून परभणीकडून इथं आलो. ॲसिडच्या टँकवर हात भाजला, तेव्हा सरांनीच मालकाशी भांडून मला लॅबमध्ये बाटल्या धुवायला घेतलं. भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर दुरुस्त करून, लिनक्स टाकून माझ्या खोलीवर आणून ठेवला. वर पेनड्राइव्ह. तेव्हापासून रोज चहाला एकच प्रश्न, "उघडलं का?"

"हो सर."

खरं म्हणजे मी सगळं पुसून त्यात गाणी भरली होती, स्पीकरला लावायला. नववी नापासाला रसायनशास्त्र घेऊन करायचंय काय? पण रोज चहा घाईनं संपवून उठायचो. सरांनी आतलं काही विचारलं तर?

शेवटी स्टोअरच्या जाधवभाऊंना विचारलं, सरांना हा नाद लागला कुठून?

"मास्तर होते ते. विनाअनुदानित शाळेवर. प्रयोगशाळेत ना गॅस, ना ॲसिड. एका जुन्या कॉम्प्युटरवर पोरांना प्रयोग दाखवायचे. शाळा बंद पडली. आता इथं ॲसिडच ॲसिड आहे, पोरं नाहीत."

त्याच दुपारी सरांपुढं उभा राहिलो. "सर, मी ते पुसलं. गाणी भरली."

"कुणाची?" एवढंच विचारलं त्यांनी. ड्रॉवरमधून दुसरा पेनड्राइव्ह काढून दिला. दुसऱ्या दिवसापासून चहाचा प्रश्न मात्र बंद झाला. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

रविवारी सकाळी मी तो नवा पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला. सगळ्यात वर मराठीत चिठ्ठी होती : 'उघडलं तर एक फोन करा. काही अडलं नसलं तरी चालेल.' खाली सरांचा नंबर. एवढ्या लग्नांतले एवढे आहेर, पण असा फोन कुणी केला असेल? दत्ताचा तर गाडीच्या किल्लीला लटकतोय. मी फोन लावला.

"सर, उघडलं."

माझा नंबर त्यांच्याकडं आहेच. तरी म्हणाले, "कितवीतला तू?"

"नववी, सर."

मग वर्गावर असल्यासारखे म्हणाले, "बरं. बस खाली."

मी खरंच उभा होतो.