आदल्या सांजेच्या लापशीची हकीकत

श्री अन्नपूर्णा माउलीचे चरणी माथा ठेवोन लिहितो ऐसे जे, शके सोळाशे ऐंशी, बहुधान्यनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका डोंगरी राज्यात न्याहारीवरून मोठे संकट उद्भवले आणि देवाचे दयेने निवारले, ते वर्तमान जैसे घडले तैसे सांगतो.

महाराज दीर्घ दुखण्यातून नुकते उठिले होते. वैद्यांची ताकीद जे, सूर्योदयास ऊन आणि मऊ अन्न पोटी गेलेच पाहिजे, आणि एके दिवशी ते चुकले तो महाराज भर सदरेत, परराज्याचा वकील समोर असता, घेरी येऊन लोडावर कलंडले, आणि मग वकील आपले धन्यास काय लिहील या चिंतेने सारे कारभारी काळवंडले. ही न्याहारी मुदपाकखान्याची मुख्य चिमणाक्का पहाटे उठोन शिजवीत असे, आणि इतर आचाऱ्यांचे हातून ती कधी करपे, कधी कच्ची राहे, कधी दरबार भरल्यावर येई. ऐशात चिमणाक्काची लेक सगुणा डोंगराखालील गावी बाळंत व्हावयाची, पहिले मूल जन्मताच गेलेले, तिने निरोप धाडिला, "आई, या खेपेस तू जवळ पाहिजेस. मला भय वाटते." चिमणाक्का चुलीपुढे उभीच राहिली, आणि राणी म्हाळसाऊसाहेब तेथे आल्या तो डोळे पुसोन म्हणाली, "काही नाही, बाईसाहेब, डोळ्यांत धूर गेला." राणीसाहेब बोलिल्या, "चूल तर विझलेली आहे. काय जाहले ते सांगा." मग तिने सांगितले आणि म्हणाली, "मी गेले तर सकाळी महाराजांचे कोण पाहील? आणि न गेले तर लेकीस तोंड कैसे दाखवू?"

तेव्हा राणीसाहेबांस आठवले जे, टोपीकर सौदागरांनी नजर केलेली ओट नामे धान्याची पोती पागेत पडली आहेत. बोलिल्या, "घोडे खातात, आणि टोपीकरांच्या मुलखी माणसेही लापशी करोन खातात म्हणे. आदल्या सांजेस शिजवोन ठेविली तर? सकाळी नुसती ऊन करणे, ते मजलाही साधेल."

"शिळे अन्न? महाराजांस?"

"करोन तर पाहू."

मग दोघींनी ओट भरडोन दूध-गुळात शिजविले आणि झाकोन ठेविले, तो सकाळी दूध फाटलेले आणि गोळा ऐसा घट्ट जे पळी आत उभी राहिली. महाराज वाटीकडे पाहोन बोलिले, "राणीसाहेब, हे खावयाचे की बुरुजास लिंपावयाचे?" राणीसाहेब खजील जाहल्या. चिमणाक्का म्हणाली, "गुळाने घात केला, बाईसाहेब. दूध आणि गूळ सकाळीच घालू." म्हणोन त्या सांजेस भरड तुपावर परतिली, नुसत्या पाण्यात चिमूट मिठासह शिजविली, आणि निवल्यावर गाडग्यांत भरोन, ओले फडके गुंडाळोन गार वाऱ्याच्या खिडकीत ठेविली. सकाळी त्यात ऊन दूध ओतोन मंद आचेवर घोटिली, उतरवोन गूळ-वेलची घातली, आणि महाराजांनी वाटी चाटोनपुसोन रिकामी केली व विचारिले, "आणखी आहे?"

राणीसाहेब चिमणाक्काकडे वळोन बोलिल्या, "डोली तयार आहे. निघा."

"पण उद्या..."

"उद्या मी आहे."

दुसरे दिवशी लापशी राणीसाहेबांचे हातची. महाराज पोटभर जेवोन सदरेस गेले आणि ताठ बसोन वकिलास खणखणीत जबाब दिला. दोनप्रहरी जासूद धावत आला जे, सगुणा सुखरूप मोकळी जाहली, मुलगी जाहली. राणीसाहेबांनी विचारिले, "बाळ रडते ना?" तो म्हणाला, "वेशीपर्यंत ऐकू येते, बाईसाहेब." तेव्हा राणीसाहेब मुदपाकखान्याच्या उंबऱ्यावरच बसल्या.

बाळंतिणीचा सव्वा महिना उरकोन चिमणाक्का परतली, आणि सवयीने पहाटेच चुलीपाशी आली, तो राणीसाहेबांनी आतून हाक दिली, "निजा हो! लापशी सांजेसच शिजली आहे."

एवंच, सांजेस थोडे श्रम जाहले, सकाळ मोकळी जाहली, राजा तृप्त आणि आई लेकीपाशी वेळेवर पोहोचली. ऐकिले तितके लिहिले, लेखनसीमा.