ठराव क्रमांक पाच

मतदान या विषयात मला कुणी काही शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं. मी शाळेत गणित शिकवतो आणि आजवर सहा निवडणुकांत मतदान केंद्राचा प्रमुख म्हणून बसलोय. मतपेट्या सीलबंद केल्यात, भांडणं सोडवलीत, 'शिक्का नेमका कुठे मारू' असं विचारणाऱ्या माणसांना दिवसभर तेच तेच समजावलंय. त्यामुळे बँकेच्या वार्षिक सभेला माझ्या वतीनं जाशील का, असं आत्यानं विचारलं तेव्हा मला हसूच आलं. एका कागदावर चार खुणा करायच्या. एवढंसं काम!

आत्या त्या बँकेत एकतीस वर्षं टायपिस्ट होती. बँक मोठी, देशभर शाखा असलेली. कर्मचाऱ्यांना सवलतीत मिळणारे शेअर्स तिनं दरवर्षी घेतले आणि त्यातला एकही कधी विकला नाही. निवृत्त झाल्यावरही ती न चुकता सभेला जायची. या वेळी मात्र गुडघा तिला घराच्या दारापर्यंतसुद्धा जाऊ देईना. आणि नेमकं याच वेळी तिला जायचं होतं, कारण तिनं सगळी नोकरी जिथं केली ती घरासमोरची शाखा बँकेनं बंद केली होती. शुक्रवारी दारावर कागद चिकटला, सोमवारी टेबलं ट्रकमध्ये चढली. आत्यानं ते सगळं खिडकीतून पाहिलं. तेव्हापासून तिच्या वयाच्या मैत्रिणी पेन्शनसाठी दोन बस बदलून भलत्याच शाखेत जात होत्या. हा निर्णय अध्यक्षांचा होता, आणि त्यांची फेरनियुक्ती याच सभेत मताला येणार होती.

आत्यानं बँकेची नोटीस माझ्यासमोर धरली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"ठराव क्रमांक पाच. तिथं 'विरोधात'. बाकी सगळीकडे 'बाजूनं'. लिहून देऊ का?"

पाच हा आकडा मला बऱ्यापैकी पाठ आहे, असं मी तिला सांगितलं आणि नोटीस तिथंच ठेवून निघालो.

सभागृहाच्या दारात एका बाईंनी माझं ओळखपत्र तपासलं, हातात मतपत्रिका आणि बँकेचं नाव छापलेलं पेन दिलं. भाषणासाठी नाव कुठे नोंदवायचं, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी माझा कागद परत पाहिला आणि शांतपणे सांगितलं की, मी स्वतः भागधारक नाही, प्रतिनिधी आहे; मला मत देता येईल, बोलता येणार नाही.

सगळा घोळ इथून सुरू झाला. कारण माझ्या खिशात चार पानांचं भाषण होतं. बायको इस्त्री करत असताना मी तिला ते तीनदा म्हणून दाखवलं होतं आणि शेवटच्या वेळी तिनं इस्त्री खाली ठेवून ऐकलं होतं. असं भाषण पोटात घेऊन गप्प बसायचं म्हणजे शिक्षकाला हातपाय बांधून पाण्यात सोडल्यासारखंच. व्यासपीठावर अध्यक्ष उठले आणि 'ग्राहक हाच आमचा श्वास' वगैरे बोलू लागले, तसा माझा श्वास कोंडला.

तेवढ्यात शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं, हा कागद कसा भरायचा असतो. त्या निवृत्त नर्स होत्या आणि पहिल्यांदाच आल्या होत्या. मी मतदान केंद्रप्रमुख असल्याचं त्यांना आधी सांगून टाकलं. मग शाखा, ट्रक, दोन बस, सगळं कुजबुजत्या आवाजात ऐकवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाचला 'विरोधात', मी म्हणालो. त्यांनी लगेच खूण केली आणि पलीकडच्या गृहस्थांना सांगितलं. वर्गात चिठ्ठी फिरते तशी ती बातमी फिरायला लागली. एक रांग संपली, पुढची सुरू झाली. अध्यक्ष बँकेच्या नव्या ॲपवर पोचले तोवर बाल्कनीतली माणसं एकमेकांना पंजा दाखवत होती. वर्गातल्या चाळीस पोरांना मी कधी एका उत्तरावर आणू शकलो नव्हतो. इथं अर्धं सभागृह आणलं, तेही भाषण न करता!

मागच्या रांगेत राखाडी कोटातले एक सडपातळ गृहस्थ मांडीवर फाइल घेऊन बसले होते. ते पुढे झुकले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "माफ करा, पण पाच नंबरला विरोध कशासाठी?"

मी खुर्चीत पूर्ण वळलो. चारही पानं त्यांना ऐकवली. वर माझ्या पदरचं म्हणून सांगितलं की या माणसाला फक्त आकडे दिसतात, माणसं दिसतच नाहीत. काउंटरच्या अलीकडे हा आयुष्यात कधी उभा राहिला नसेल. अशा माणसाला रात्री झोप तरी कशी लागते?

"लागत होती," ते गृहस्थ म्हणाले. "आजपर्यंत लागत होती."

मला वाटलं, माझ्या भाषणाचा परिणाम. ही सगळी माहिती मला कुठून मिळाली, असं त्यांनी विचारलं. मी अभिमानानं आत्याचं नाव, पत्ता आणि एकतीस वर्षांची नोकरी सांगितली. खात्री करायची असेल तर खुशाल येऊन भेटा म्हणालो. त्यांनी पत्ता फाइलवर नीट लिहून घेतला.

आत्याच्या घरी आलो तो जग जिंकून. आत्यानं एवढंच विचारलं, "केलीस ना खूण?" मी हो म्हणालो. तिनं डोळे मिटून मान हलवली. इतकी निवांत मी तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

दोन दिवसांनी पेपरात निकाल आला. अध्यक्ष प्रचंड बहुमतानं परत निवडून आले होते. त्याचं मला फार वाटलं नाही, बड्या कंपन्यांची मतं आधीच पडलेली असतात. पण खाली वेगळ्या चौकटीत छापलं होतं की, सभागृहातल्या दोनशे चार छोट्या भागधारकांनी बँकेच्या ऑडिटरच्या फेरनियुक्तीला अनपेक्षित विरोध केला. नेमणूक झाली खरी, पण जाणकार चक्रावले आहेत.

मी शाळेच्या संगणकावर मतपत्रिकेचा नमुना शोधून काढला. आत्याकडच्या नोटिशीत बँकेचे हिशेब आणि तिच्या उपकंपन्यांचे हिशेब मिळून पहिला ठराव होता. मतपत्रिकेवर त्याचे दोन केले होते. त्यामुळे पुढचा प्रत्येक ठराव एक घर खाली सरकला होता. अध्यक्ष सहाव्या घरात गेले होते. आणि पाचासमोर, चांगल्या ठळक अक्षरांत, 'ऑडिटरची फेरनियुक्ती' असं छापलेलं होतं. मी फक्त आकडा वाचला होता. दोनशे तीन माणसांनी तोही वाचला नव्हता, त्यांनी मला वाचलं होतं.

आत्याला सांगायचं धाडस झालं नाही. तिनं पेपर वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, त्या बिचाऱ्या ऑडिटरनं या लोकांचं काय घोडं मारलं होतं कुणास ठाऊक. मी म्हटलं, हल्ली लोकांचं काही सांगता येत नाही.

रविवारी सकाळी आत्याची बेल वाजली. दार मीच उघडलं. राखाडी कोट, तीच फाइल, आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं. आत येऊन ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि आत्याला म्हणाले, "मी बँकेचा ऑडिटर. शाखा माझ्याच आकड्यांमुळे बंद झाली असं समजून सगळे हिशेब पुन्हा तपासले. मला माझी चूक सापडत नाही. तुम्ही एकतीस वर्षं आत होतात, तुम्हीच सांगा. माझे भागीदार मला हे काम सोडायला सांगताहेत."

आत्यानं गोंधळून माझ्याकडे पाहिलं. खिडकीतून उडी मारता आली असती, पण घर तळमजल्यावर आहे. मग मी उभं राहून, वर्गात चूक कबूल करणाऱ्या पोरासारखं, सगळं सांगितलं. नोटीस, मतपत्रिका, सरकलेली घरं, नर्सबाई, बाल्कनी.

मग ऑडिटरनं विचारलं, "म्हणजे ज्याला झोप लागू नये तो मी नव्हे?"

"नाही हो," मी म्हणालो. "तुम्ही खुशाल झोपा."

ते हसायला लागले आणि त्यांना थांबताच येईना. आत्या मात्र हसली नाही. ती त्यांना म्हणाली, "माझ्या मतानं अध्यक्ष पडणार नव्हते, ते मला ठाऊक होतं. पण कुठल्यातरी कागदावर माझा नकार उमटायला हवा होता. तो तुमच्यावर उमटला. मी माफी मागते."

तिनं असं म्हटल्यावर मला कुठं तोंड लपवू असं झालं. मला आत्या रागावलेली चालली असती.

तिनं कपाटातून टाइपरायटर काढायला लावला आणि भागीदारांसाठी पत्र टाइप केलं. सही माझी. ऑडिटर ते पत्र फाइलमध्ये ठेवून, दोन कप चहा पिऊन गेले. त्यांची गाडी वळली तशी आत्यानं फोन मागितला आणि चार वर्षं टाळलेल्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख घेतली. डॉक्टरांनी, नातेवाइकांनी, सगळ्यांनी समजावून झालं होतं. ती आता मला परत सभेला पाठवावं लागेल या भीतीनं तयार झाली.

पुढच्या सभेला ती स्वतःच्या पायांनी पायऱ्या चढून गेली. अध्यक्ष पुन्हा मताला उभे होतेच. मी बाहेर फुटपाथवर तिची काठी धरून उभा होतो. मला आत सोडू नये, असं तिनं दारातल्या बाईंना बजावलं होतं. तिनं भाषण केलं, अध्यक्षांनी 'नोंद घेतली' म्हटलं. शाखा अजून बंदच आहे.

निकाल आला तेव्हा अध्यक्षांची मतं गेल्या वेळेपेक्षा शून्य पूर्णांक एक टक्क्यानं घटली होती. तो टक्का आपला, असं आत्या येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना सांगते. मी गणिताचा शिक्षक आहे. तिच्या शेअर्सचा खरा टक्का काढायचा तर दशांश चिन्हापुढे किती शून्यं लिहावी लागतील, हे मी एका मिनिटात सांगू शकतो.

पण मला कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी मी आधी सगळा प्रश्न वाचायला मागेन.