देवीच्या डोंगरावरील दोन कुऱ्हाडींची हकीकत

श्री अक्षरमाता प्रसन्न. जिच्या कृपेने मुका बोलतो आणि जिच्या अवकृपेने बोलका अडखळतो, तिचे चरणी मस्तक ठेवून ही हकीकत लिहिली असे. ऐकणारांनी सावधचित्ते ऐकावी. शके सतराशे बत्तीस, प्रमोदनाम संवत्सरे, माघमासी, घाटमाथ्यावर एक राज्य सुखरूप नांदत होते. त्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. त्या राज्यात लखमोपंत म्हणून दुभाषी होते. तरुणपणी बंदरावर टोपीकरांच्या वखारीत कारकुनी करून इंग्रजी शिकले. पेट्यांवरील अक्षरे वाचावी, माल उतरवून घ्यावा, खिळे, दोर, कुऱ्हाडी, गंधक यांचे शब्द घोकावे, ऐसे करिता करिता बोलूही लागले. एकाचे अनेक करणे तर शब्दाचे शेपटास 'स' लावावा, ऐसा नियम वखारवाल्याने सांगितला, तो पंतांनी वेदवाक्य मानिला. मग राज्यात येऊन दुभाषीपण मिळाले, आणि दरबारी दुसरा कोणी इंग्रजी जाणत नव्हता, म्हणोन पंत सांगतील तोच अर्थ, ऐसे चालले. मान मोठा, परंतु पंतांस सदा धास्ती, की आपले ज्ञान एका वखारीपुरते आणि ही भाषा तर समुद्राएवढी, हे कोणास कळले तर काय गत होईल!

ऐसे असता हारडीक नामे टोपीकर, मुलूखमोजणीचे काम करणारा, नदीपलीकडे तंबू देऊन राहिला आणि त्याने महाराजांस पत्र पाठविले. भर दरबारी पत्र उघडले आणि पंत उभे राहून वाचू लागले. आरंभी सलाम, क्षेमकुशल, ते ठीक वाचले. पुढे एक वाक्य आले, त्यात वखारीतील ओळखीचा शब्द दिसला. ए, एक्स, ई, एस, ऐसी चार अक्षरे. हीच अक्षरे कुऱ्हाडींच्या पेट्यांवर पंतांनी कैक वेळा वाचिली होती, म्हणोन क्षणभरही न थांबता अर्थ सांगितला की, "देवीच्या डोंगराचे माथ्यावर आमच्या दोन कुऱ्हाडी एकमेकींस मिळतील, आणि तेथून तुमच्या मुलकाचे चार भाग होतील." त्यापुढे हवा स्वच्छ असावी ऐसे काही लिहिले होते, ते किरकोळ म्हणोन पंतांनी सोडून दिले. त्या डोंगरावर लोखंड नेण्याची चाल नाही. पुजारी नारळदेखील दगडावर फोडतो, कोयता लावीत नाही. महाराजांचे डोळे इंगळासारखे जाहले आणि बोलिले, "आमच्या देवीवर कुऱ्हाड? आणि हे आम्हांसच लिहून कळवितो?" मग सरलष्कर हैबतराव स्वार घेऊन गेले आणि साहेबास तंबूतून उचलून किल्ल्यावर आणिले, धान्याच्या अंबारखान्यात कोंडिले, आणि उदईक सकाळी देवीची पूजा जाहलियावर त्याचा कडेलोट करावा ऐसा हुकूम जाहला. तोफा भरल्या, दरवाजे लागले, आणि खालचे गावीचे लोक धान्याची गाठोडी डोकीवर घेऊन, पोरे काखेत मारून, गुरे हाकीत रानाकडे निघाले.

लखमोपंत घरी जेवावयास बसले, परंतु घास हाती राहिला. त्यांची बायको सगुणाबाई म्हणाली, "भात निवला. काय होतेय?" पंत बोलिले, "काही नाही." परंतु मनात ते सोडलेले वाक्य ठसठसू लागले. लाकूडतोड्यास आभाळ स्वच्छ कशास लागते? कुऱ्हाड तर धुक्यातही चालते. आणि ज्यास देवी तोडणे तो कुशल कशास पुसेल? आणि साहेबाबरोबर माणसे ती किती, पाचपंचवीस हमाल. इतक्यांनी मुलकाचे चार भाग कैसे करावे? मग पंत ताटावरून उठले आणि हात धुवून थेट अंबारखान्याकडे चालते जाहले. वाटेत दोन वेळा माघारी फिरावेसे वाटले, की आता विचारून जे कळेल ते न कळलेलेच बरे.

आत साहेब भाताच्या कोंड्यावर बसला होता, टोपी गुडघ्यावर, तोंड उतरलेले. पंतांनी इंग्रजी शब्द काढिताच ताडकन उठला आणि बोलिला, "देवा, कोणी तरी बोलणारा आला! माझा अपराध काय?" पंत बोलिले, "साहेब, तुम्ही कुऱ्हाडी आणणार होता." साहेब बोलिला, "कुऱ्हाडी? मजपाशी एक साखळी आहे, एक दुर्बीण आहे, आणि चाकू आहे तो पेन्सिलीस टोक काढण्याचा." पंतांनी त्या चार अक्षरांचे नाव घेतले. साहेब कपाळास हात लावून मटकन बसला. बोलिला, "ॲक्सीज! मी लिहिले ते ॲक्सीज!" आणि कोंड्यावर बोटाने एक रेघ उभी ओढिली, एक आडवी ओढिली, आणि बोलिला, "ही एक ॲक्सिस, ही दुसरी ॲक्सिस. दोन मिळून ॲक्सीज. कागदावरील रेघा. मुलूख मोजावयास कोठून तरी आरंभ करणे लागते, म्हणोन उंच डोंगर धरिला." आमचे जोशी ज्यास अक्ष म्हणतात तो हा, हे पंतांस तत्काळ उमगले. बोलिले, "परंतु अनेक करणे तर शेपटास 'स' लावावा, हा नियम ना?" साहेब बोलिला, "तो घरच्या शब्दांचा नियम. हे शब्द ग्रीकांचे आणि रोमकांचे. आमच्या भाषेत येऊन बसले, परंतु चाल आपलीच राखिली. एक रेडियस, अनेक रेडिआय. एक फिनॉमिनन, अनेक फिनॉमिना. शेवटी 'इस' असेल तर 'ईज' करावे. बोलताना कुऱ्हाडींहून निराळे ऐकू येते, परंतु लिहिताना अक्षरे तीच." मग बोलिला, "संकट आले तर क्रायसिस. अनेक आली तर क्रायसीज." पंत बोलिले, "साहेब, तूर्त एकच पुरे."

मग पंत बाहेर येऊन तटाचे भिंतीस टेकून उभे राहिले. मनात आले, की आपणही दरबारी अरबी शब्दांशी हेच करितो. एक अमीर, अनेक उमराव. एक खबर, अनेक अखबार. अमीरास मराठी शेपूट कोणी लावीत नाही, आणि उमराव म्हणजे एकच सरदार ऐसे समजणारे तर दरबारात पैशाला पासरी. मग परक्याचे घरीही पाहुणे शब्द असतील, हे आपणास कैसे सुचले नाही? इतकियांत दिवाण अंताजीपंत तेथे आले, आणि पंतांची मुद्रा पाहून पुसते जाहले. पंतांनी सर्व सांगितले. दिवाणांनी मागेपुढे कोणी नाही ते पाहिले. मग हळूच बोलिले, "पंत, हे तुम्ही, मी आणि तो, तिघेच जाणतो. उदईक तो जाणणार नाही. मी विसरतो. तुम्हीही विसरावे." पंत बोलिले, "माणूस मरेल." दिवाण बोलिले, "माणसे मरतातच. खरे बोलाल तर जीभ जाईल, घर जप्त होईल. आणि महाराजांनी भर दरबारी दिलेला हुकूम एका अक्षराने फिरला, ऐसी चारही दिशांस चर्चा होईल. राज्याची अब्रू पाहावी." इतके बोलून, शेला सावरून, दिवाण चालते जाहले.

पंत घरी गेले. सगुणाबाईस सांगितले. ती माउली भिंतीकडे तोंड करून रडली आणि मग म्हणाली, "मी नको म्हटले तर ऐकाल का?" पंत बोलिले, "ऐकेन, म्हणोन तर भीती वाटते." तिने डोळे पुसले आणि त्यांचे पागोटे आणून त्यांचे हाती दिले.

सकाळी पूजा चालली असता पंत किल्ल्यावरील देवळाच्या पायरीशी गेले. साहेबास मुसक्या बांधून कड्याकडे चालविले होते. पंतांनी महाराजांचे पाय धरिले आणि बोलिले, "सरकार, कुऱ्हाडी पत्रात नाहीत. त्या माझ्या डोक्यातल्या. साहेबाने दोन रेघा लिहिल्या होत्या." आणि पायरीवरील गुलालात त्या रेघा काढून दाखविल्या, आणि अडखळत अडखळत ॲक्सिसचे ॲक्सीज कैसे होते ते सांगितले. हैबतराव मोठ्याने हसले, परंतु महाराज हसले नाहीत म्हणोन मध्येच थांबले. महाराजांनी हात उचलिला आणि साहेबास जेथे होता तेथे थांबविले. कड्याची धार आणि तो यांमध्ये खाटेएवढे अंतर राहिले होते. मग महाराज पंतांकडे वळून, आवाज न चढविता, पुसते जाहले, "पंत, आज आम्ही तुमच्या जिभेवर माणूस मारीत होतो. याआधी तुमच्या जिभेवर तह केला, जकात सोडिली, दोन खेडी दिली. त्यांत कुऱ्हाडी किती आणि रेघा किती?" पंत बोलिले, "ठाऊक नाही, सरकार." महाराज म्हणाले, "हे पहिलेच तुम्ही खरे भाषांतर केले." मग आज्ञा जाहली, की पंतांनी काम करीत राहावे, दुसरा कोणी नाही, परंतु शब्द न कळला तर भर दरबारी तसे म्हणावे, आणि जो न कळता सांगेल त्याची जीभ तेव्हा कापावी. अंताजीपंत खाली पाहत होते.

साहेबास वस्त्रे देऊन पंत नदीपर्यंत पोचवावयास गेले. डोंगरावर दुर्बीण लावू द्यावी की न द्यावी, याचा विचार पुढे करू, ऐसे महाराजांनी सांगितले होते. होडीत बसता बसता साहेबाने पुसले, "तुमच्यात एक घर, तर अनेक?" पंत बोलिले, "घरे." "एक कुऱ्हाड?" "कुऱ्हाडी." साहेबाने काठावरचा धोंडा दाखवून पुसले, "हा दगड. अनेक?" पंत बोलिले, "दगड." साहेब चकित होऊन बोलिला, "एकही दगड आणि अनेकही दगड? मग किती ते कळावे कैसे?" पंत बोलिले, "डोक्यात पडले म्हणजे कळते, साहेब." साहेब इतका हसला की होडी डुचमळली आणि नावाड्याने शिवी हासडली. पंतही हसले, परंतु हसू अर्धेच उमटले. मन तह, जकात आणि ती दोन खेडी यांजकडे लागले होते.

ऐसी हकीकत वर्तली. लखमोपंत पुढे बहुत वर्षे दुभाषी होते आणि 'ठाऊक नाही' हे शब्द दरबारी त्यांच्याइतके कोणी बोलिले नाही. लोक त्यांस मागे ठाऊकनाहीपंत म्हणत. राज्यात त्या साली लढाई जाहली नाही, रानात गेलेली माणसे गुरांसह परतली. परंतु इंग्रजी पत्र हाती आले की पंत आधी बसावयास जागा मागत, आणि मगच वाचीत. इति.