आवडी रंगारणीने टाकीचे पाणी गोड ठरविले त्याची हकीकत

श्रीवाणी समर्थ. जिव्हा तिणे दिली, खरे-खोटे निवडणे मनुष्यावर टाकिले, तिचे चरणी मस्तक ठेवून लिहितो. राज्यशक बावन्न, विरोधी नाम संवत्सरी, आषाढमासी, राज्याचे थोरले महाविद्यालयी नेतृत्व आणि वक्तृत्व या विद्यांची नवी शाखा स्थापन जाहली आणि कुलगुरू नरहरराव यांणी दवंडी पिटविली की, राज्यात पुढारी उणे जाहले, ते येथे घडवावे. त्या शाखेत आवडी म्हणोन रंगारियाची लेक दाखल जाहली, ती ऐसी मुखदुर्बळ की हजेरीस नाव पुकारिले तरी "हजर" हा शब्द ओठातच विरावा. वसतिगृही तिची सोबतीण ठकू, पाथरवटाची कन्या, फटकळ परंतु जिवास जीव देणारी, तीच आवडीच्या वतीने "हजर" म्हणे आणि मागाहून रागे भरे की, "आवडे, तुझी काय दातखीळ बसली आहे?" मग त्र्यंबकपंत नामे शिक्षक, त्यांणी आवडीस नदीकाठी उभी करून पैलतीरी ऐकू जाय तोवर बोलविले, आणि श्वास कोठे घ्यावा, शब्द कोठे रोखावा, लोक कोपले असता आधी त्यांचा कोप आपला म्हणावा आणि मग हळूच वळवावा, ऐसे सर्व डाव शिकविले, आणि ठकू समोर श्रोता होऊन बसे, चुकले तेथे हसे, साधले तेथे ताट बडवी. ऐसी दोन वर्षे लोटली आणि आवडी बोलू लागली म्हणजे सभा श्वास धरून बसे, आणि तिचे मनास वाटे, आपण जन्मास आलो ते आत्ता.

तिसरे वर्षी श्रावणात वसतिगृहाचे टाकीचे पाण्यास घाण येऊ लागली, अकरा मुलींस कावीळ जाहली, आणि तीनशे मुली रिकाम्या घागरी घेऊन दरवाजासमोर बसल्या, आघाडीस ठकू. इकडे महिनाभरात खासे महाराज शाखा पाहावयास येणार, म्हणोन नरहरराव घाबरे जाहले आणि आवडीस आपले घरी बोलावून, घरचे विहिरीचे गोड पाणी देऊन म्हणाले, "मुली, तुझे ऐकतील. टाकी धुतली आहे, वैद्याचा दाखला आहे, एवढे सांग. नेतृत्वाचा कस तो हाच." आवडी म्हणाली, "दाखला पाहू का?" राव म्हणाले, "आमच्या शब्दावर भरवसा नाही?" तिणे तेथेच बसलेल्या त्र्यंबकपंतांकडे पाहिले, तो पंत जमिनीकडे पाहात होते. तिचे मनी शंका आली खरी, परंतु थोरांस आपली गरज लागली, हे सुख शंकेहून मोठे जाहले. मग ती चौथऱ्यावर चढली, "तुमची तहान ती माझी तहान" ऐसा आरंभ केला, रोखावे तेथे शब्द रोखिला, आणि शेवटी रावांचे चाकराने दिलेला पेला सर्वांदेखत ओठी लाविला. पहिले घोटासच तिला कळले की, हे टाकीचे नव्हे, रावांचे घरचे विहिरीचे गोड पाणी. आणि तरी ती थांबली नाही, पेला रिता केला आणि हसली. मुली उठल्या. सर्वांमागून ठकू उठली, म्हणाली, "तू प्यालीस ना? मग झालं," आणि टाकीचे नळाशी जाऊन ओंजळभर प्याली.

पुढे पंधरवडा सरता ठकूचे डोळे पिवळे जाहले आणि अन्न तुटले. आवडी उशाशी बसून राहिली आणि एके दुपारी न राहवून म्हणाली, "ठके, ते पाणी टाकीचं नव्हतं." ठकूने विचारिले, "तेव्हाच कळलं होतं तुला?" आवडी म्हणाली, "हो." ठकूने भिंतीकडे तोंड फिरविले, ते पुनः फिरविले नाही. तिसरे दिवशी तिला देवाज्ञा जाहली.

मग महाराजांची स्वारी आली, दरबार भरला, आणि आवडी बोलावयास उभी राहिली. तिणे नेमिला विषय टाकून पेला कोठला, दाखला कैसा दाखविला नाही, ठकू कैसी गेली, आणि आपण जाणून कैसे हसलो, हे सर्व महाराजांसमक्ष सांगितले. आवाज कापला नाही, कारण न कापण्याचीच विद्या घेतली होती. सभेत टाळ्यांचा कडकडाट जाहला. महाराज म्हणाले, "काय ही वाणी! अंगावर काटा आला." नरहरराव हात जोडून म्हणाले, "सरकार, ऐसे निर्भय सत्य बोलावयास आम्हीच शिकविले." आणि सुवर्णपदक तिचे गळां घातले. ती बोलली, "आणि पाणी?" राव हळूच म्हणाले, "तेही पाहू. आधी महाराजांस मुजरा कर."

तेथून ती तडक वसतिगृही गेली आणि नळापाशी उभी राहून म्हणाली, "बायांनो, हे पाणी पिऊ नका. मी खोटं बोलले होते." घागर घेऊन आलेली एक मुलगी म्हणाली, "मागल्या खेपेस याहून छान बोलली होतीस." आणि नळ उघडून घागर भरू लागली.

सारांश, मुखदुर्बळ पोरीस वाचा फुटली, शाखेचे काम सिद्धीस गेले, पुढले साली प्रवेशास दुप्पट गर्दी जाहली. टाकी होती तेथे आहे. घडले तैसे लिहिले, पदरचे घातले नाही.