बॅरन मूळचा कोडोलीचा

भूमिकाचा घसा नेमका रविवारी सकाळी बसला. पुण्याहून येताना ती एसटीच्या खिडकीशी बसली होती म्हणून की वाटेत थंड उसाचा रस प्यायली म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता. ते सांगायलाही तिला आवाज लागला असता. आईनं हळदीचं दूध दिलं, मिठाच्या गुळण्या करायला लावल्या, पण घशातून फुसफुसण्यापलीकडे काही निघेना. शेवटी तिनं मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि तो वडिलांच्या डोळ्यांसमोर धरला.

‘बाबा, आज मास्तर तुम्ही.’

शशिधरराव नष्ट्यांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मजकूर तोच होता.

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, खेळातला. भूमिका आणि तिचा मित्र महांतेश पुण्यात दर आठवड्याला हा खेळ खेळत. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. मास्तर गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. मास्तरनं प्रसंग रंगवायचा आणि ‘काय करता?’ असं विचारायचं. कोणी म्हणतो मी खिडकीतून उडी मारतो, कोणी म्हणतो मी पिस्तूल काढतो. मग फासे टाकायचे. दान चांगलं पडलं तर उडी साधते, नाहीतर पाय मुरगळतो. भूमिकाच्या गोष्टी दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या असत. त्यांत दोन पंखांची विमानं, हवाई जहाजं, जंगलात दडलेली देवळं आणि जगावर राज्य करू पाहणारे दुष्ट लोक यांची रेलचेल असे.

या खेळातच दोघांचं जमलं. महांतेशच्या आईनं होकार दिला होता. अडलं होतं ते त्याच्या वडिलांपाशी. भरमाप्पांचे कबनूरला कापडाचे माग होते. मुलगा सुट्टीलासुद्धा घरी न येता फासे घेऊन बसतो आणि ज्या मुलीशी लग्न करायचं म्हणतो ती तिथली मास्तरीण आहे, एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं. “जुगाराचं घर हाय का काय, मी सवता बघून येतो,” असं म्हणून त्यांनी आजचा दिवस ठरवला होता. ते खेळ बघणार होते आणि मग काय ते सांगणार होते.

“अहो, या वेळी बोला हं,” शिवलीलाबाई पोहे भिजवता भिजवता म्हणाल्या.

या वेळी म्हणायला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी सांगलीकडचं एक स्थळ आलं होतं. त्या बैठकीत शशिधरराव पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त “हो” म्हणाले, तेही एकदा, आणि तेही पंखा लावू का असं विचारल्यावर. चार दिवसांनी निरोप आला, ‘मुलगी छान आहे, पण वडील फार शिष्ट वाटले.’ शशिधरराव शिष्ट नव्हते. कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांचा जन्म गेला होता, तिथं बोलू नये अशी पाटीच होती. निवृत्तीनंतर पाटी तिथंच राहिली, सवय मात्र बरोबर आली. माणसांसमोर तोंड उघडलं की आपण चुकीचंच बोलणार, अशी त्यांना खात्री असे. आज मुलीचं लग्न त्यांच्या जिभेवर येऊन बसलं होतं.

भरमाप्पा महांतेशला घेऊन आले ते आवाजासकट. मागांच्या खडखडाटात आयुष्य काढल्यामुळं त्यांना हळू बोलणं माहीत नव्हतं.

“नमस्कार पावणं!” ते दारातून म्हणाले आणि समोरच्या तारेवरचा कावळा उडाला.

शशिधररावांनी पाठ केलेली तीन वाक्यं होती. एक पावसावर, एक मागांच्या धंद्यावर आणि एक पोह्यांवर. तिन्ही एकदम ओठांशी आली आणि एकमेकांत अडकली. त्यांनी नुसते हात जोडले. शिवलीलाबाईंनी डोळे मिटले.

खेळ मांडला. भरमाप्पांनी फासे तळहातावर घेऊन वजन पाहिलं. “पैसं लावायचं न्हाईत?”

“नाही अप्पा,” महांतेश म्हणाला.

“पैसं न लावता फासं टाकत्यात? मग ह्येच्यात दम काय?”

जुगार आहे या संशयानं आलेला माणूस जुगार नाही म्हणून नाराज झाला. महांतेशनं घाईनं पात्रं सांगितली. तो स्वतः वैमानिक होता. अप्पांनी गुप्तहेर, प्राध्यापक किंवा पहिलवान व्हावं.

“मी मीच,” भरमाप्पा म्हणाले. “ह्या वयात दुसरं काय व्हऊ?”

शशिधररावांनी भूमिकाचा कागद डोळ्यांसमोर धरला. वाचायचं होतं म्हणून त्यांना थोडा धीर आला. “सन एकोणीसशे चौतीस. कोल्हापूर संस्थान. दूरच्या देवळातला सोन्याचा नंदी चोरीला गेला आहे. तुम्ही रंकाळ्याच्या काठी उभे आहात. एक अवाढव्य हवाई जहाज पाण्यावर उतरतं. त्यातून उंच, काळे हातमोजे घातलेला, एका डोळ्याला भिंग लावलेला माणूस बाहेर येतो. तो आहे बॅरन ओटो. तो तुमच्याकडं रोखून पाहतो.” त्यांनी कागदावरून मान वर केली. “काय करता?”

“माग हायत,” भरमाप्पा म्हणाले. “आधी सांगितलंय की तुमास्नी. कबनूरला.”

“तसं नाही अप्पा,” महांतेश कळवळला. “त्या माणसाला बघून तुम्ही काय करता?”

“असं व्हय. मग त्यात इचारायचं काय? दारात माणूस आलाय.” भरमाप्पांनी मांडी सारखी केली आणि शशिधररावांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं हात केला. “या पावणं, बसा! पाणी घ्या. गूळ आना रं कोनतरी.”

“अप्पा, तो व्हिलन आहे! नंदी त्यानंच चोरलाय. पिस्तूल काढा!”

“लांबनं आलेला माणूस हाय, आधी पाणी तर पिऊ दे की.”

नियमांच्या पुस्तकात गोळीबार होता, आगगाडीच्या टपावरची मारामारी होती, सापांनी भरलेला खड्डाही होता. गूळपाण्यासाठी कोणतं दान लागतं ते नव्हतं. भूमिकानं मोबाइल वर धरला. ‘बाबा, दुष्टपणे हसा!’

शशिधरराव आयुष्यात कधी दुष्टपणे हसले नव्हते. त्यांनी प्रयत्न केला. मध्येच श्वास अडकला आणि खोकल्याची उबळ आली.

“थंडी बाधलीया पावण्याला,” भरमाप्पा म्हणाले. “एवढ्या वरनं आलाय, वारं लागलं असंल. गाव कंचं पावणं तुमचं?”

“जर्मनी,” शशिधररावांनी कागदावरून वाचलं.

“ते न्हवं, मूळ गाव. आता काय, समद्यांचीच पोरं बेंगळूर न्हायतर जर्मनीला असत्यात.”

कागदावर मूळ गाव नव्हतं. समोरचा माणूस उत्तराची वाट पाहत होता. शशिधररावांच्या तोंडून जे एकच मूळ गाव त्यांना ठाऊक होतं, ते स्वतःचं, निसटलं. “कोडोली.”

“बॅरन कोडोलीचा?” महांतेश ओरडला.

“का? कोडोलीची माणसं भायेर जात न्हाईत व्हय?” भरमाप्पांनी त्याला गप्प केलं. “कोडोलीत कुणाच्यातलं?”

“नष्ट्यांच्यातले.”

“बरं. आन् करता काय?”

हे मात्र कागदावर होतं. शशिधरराव सुटल्यासारखे म्हणाले, “मला जगावर राज्य करायचं आहे.”

“ते करशीला वो. पोटाला काय करता?”

“ग्रंथालयात होतो,” बॅरन म्हणाला. “आता निवृत्त आहे.”

भूमिकानं कपाळावर हात मारला. पण भरमाप्पा आता पुढं सरकून बसले होते. त्यांना त्या माणसाचं काही उमगेना. “चांगली नोकरी केली, पेन्शन हाय, भाषा गोड हाय. मग नंदी का चोरला?”

शशिधररावांनी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. एरवी अशा वेळी ते गप्प बसले असते. पण प्रश्न त्यांना विचारला नव्हता, बॅरनला विचारला होता, आणि बॅरनला लाजण्याचं काही कारण नव्हतं.

“मला बोलता येत नाही,” बॅरन म्हणाला. “मनात पुष्कळ असतं. तोंडापर्यंत येतं आणि परत जातं. लोकांना वाटतं, शिष्ट आहे. घरात मुलगी आहे तोवर घर बोलकं आहे. उद्या ती गेली की आम्ही दोघंच. हिला तरी किती बोलायला लावायचं? म्हटलं, सोन्याचा नंदी घरात असला तर लोक आपणहून बघायला येतील. मी गप्प बसलो तरी चालेल. नंदीकडं बघतील.”

इतकं लांब बोलणं शिवलीलाबाईंनी लग्नानंतर प्रथमच ऐकलं. पोह्यांची डिश त्यांच्या हातात तशीच राहिली.

भरमाप्पांनी मांडीवर थाप मारली. “आरं तिच्या! येवढ्यासाठी नंदी चोरला?” आणि त्यांच्या त्या आवाजात पुढचं वाक्य खिडकीतून सरळ गल्लीत गेलं. “नष्ट्यांनी सोन्याचा नंदी चोरला आन् घरात आनून ठेवला!”

बाहेर शेजारच्या अंबूबाई कोथिंबीर निवडत होत्या. एरवी त्यांनी हे मनावर घेतलं नसतं. पण सकाळीच त्या महादेवाला पाणी घालायला गेल्या होत्या आणि देवळातला पितळी नंदी जागेवर नव्हता. पुजाऱ्याला विचारावं तर तो लग्नाला गेलेला. कोथिंबीर तशीच टाकून अंबूबाई उठल्या आणि दोन मिनिटांत अर्धी गल्ली नष्ट्यांच्या दारात उभी राहिली.

“शशिधरभाऊ!” अंबूबाई पुढं झाल्या. “तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती. नंदी काढा भायेर!”

भूमिकानं जिवाच्या आकांतानं तोंड हलवलं. फुस्स असा आवाज आला.

“बगा, पोरीची वाचाच गेली!” मागून कोणीतरी म्हणालं.

“अहो, हा खेळ आहे,” महांतेश ओरडत होता. “तो सोन्याचा नंदी आहे, खोटा!”

“सोन्याचा न्हाय, पितळंचा हाय, आन् खरा हाय!” अंबूबाई म्हणाल्या. “भाऊ, तुम्हीच बोला. चोरला का न्हाय?”

सगळी गल्ली शशिधररावांकडं पाहू लागली. बॅरन केव्हाच पळून गेला होता. खोटं बोलायचं नाही आणि खरं नीट सांगायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

“मी नाही चोरला,” ते म्हणाले. “म्हणजे, चोरला. पण एकोणीसशे चौतीस साली.”

“तवा तुमचा जन्मबी न्हवता!”

“म्हणूनच तर,” शशिधरराव म्हणाले आणि पुढचं शब्दांत बसेना म्हणून थांबले.

“कबूल केलं! धरा रं!” मागचा आवाज पुन्हा आला.

तेव्हा भरमाप्पा उठले. फासे त्यांच्या मुठीतच होते. ते उंबऱ्यात जाऊन असे उभे राहिले की बाहेरच्यांना आतलं काही दिसेना.

“कोन म्हनतंय चोर? ह्या मानसाला मी पावणा म्हनलोय. पाणी पाजलंय. माझ्या म्होरं ह्येला कुनी हात लावायचा न्हाय!”

“तुम्ही कोन वो एवढं पुढं पुढं करणारं?” अंबूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या.

“मी कोन? मी कोन?” भरमाप्पांचा आवाज मागांच्या वर चढला. “मी ह्येंचा व्याही हाय!”

 आत शिवलीलाबाईंनी डिश खाली ठेवली. भरमाप्पा स्वतःही जरा थबकले. बोललेला शब्द चार घरं पुढं जाऊन पोचला होता आणि आता तो परत आणणं त्यांच्या आवाजालाही शक्य नव्हतं.

अंबूबाईंचे हात कमरेवरून हळूहळू खाली आले. “म्हंजे,” त्यांनी विचारलं, “आमच्या भूमीचं ठरलं?”

“ठरलं म्हंजे,” भरमाप्पांनी मागं वळून पाहिलं. महांतेश दिसला, भूमिका दिसली, खुर्चीत घामाघूम झालेला बॅरन दिसला. “ठरलंच की आता.”

“आगं बया! आन् आम्हाला पत्ता न्हाय!” अंबूबाई तशाच मागं वळल्या. नंदीपेक्षा ही बातमी मोठी होती आणि ती दुसऱ्या कोणाच्या आधी त्यांना पुढच्या गल्लीत पोचवायची होती. पाठोपाठ सगळे पांगले. देवस्थान कमिटीचे अमरसिंह धापा टाकत आले तेव्हा दारात कोणी नव्हतं. “अवो, नंदी पॉलिशला दिलाय शिरोलीत! सांगायचं राह्यलं!” ते रिकाम्या गल्लीला म्हणाले. ऐकायला एक कुत्रं होतं.

शिवलीलाबाईंनी वेळ न घालवता भरमाप्पांच्या हातावर साखर ठेवली. साखर घ्यायला त्यांना मूठ उघडावी लागली, तेव्हा फासे जमिनीवर सांडले. दान काय पडलं ते कोणी पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर महांतेशनं भीत भीत विचारलं, “अप्पा, रागानं बोलून गेलात का?”

“आरं, मानूस साधा हाय,” भरमाप्पा म्हणाले. “चोरीबी धड जमत न्हाय त्येला. असल्या घरची पोरगी कुठं मिळती?”

पंधरवड्यानं सुपारी फुटली. कबनूरहून दोन गाड्या भरून माणसं आली. भूमिकाचा आवाज परत आला होता, शशिधररावांचा मात्र पुन्हा गेला होता. ते लोडाला टेकून बसले होते, पाठ केलेली तीन नवी वाक्यं ओठांशी घेऊन. भरमाप्पांच्या थोरल्या बहिणीनं दोनदा काही विचारलं, त्यांनी दोनदा मान हलवली. तिनं शेजारणीच्या कानाशी तोंड नेलं.

ते भरमाप्पांनी पाहिलं. ते उठून शशिधररावांच्या समोर येऊन बसले आणि भरल्या सभेत, त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, “मग पावणं, इमान कवा उतरलं?”

शशिधररावांनी चष्मा सारखा केला. एक डोळा बारीक करून त्यांनी सगळ्या कबनूरकरांकडं रोखून पाहिलं, आणि दुष्टपणे हसले.

“थंडी गेली वाटतं,” भरमाप्पा म्हणाले.